पाच दिवस

बुधवारी दवाखान्यात तिघं बसली होती माझ्यासमोर:
डॉक्टर, समाजसेविका, आणि मनाचं विचारणारी आरासेली,
जिच्या स्वेटरचं वरचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.
ती म्हणाली, कायद्यानं पाच दिवस आहेत तुमच्याकडे, नेलीदा.
विचार करा.

विचार मी केलेलाच होता,
न्हाणीघरात नळ सोडून,
दोन्ही मुलं झोपल्यावर पत्र्यावरच्या मांजराकडे बघत,
पॅकिंगच्या पट्ट्यासमोर आठ-आठ तास उभ्याउभ्या.
पण सरकार देतंय तर घ्यावेत, म्हटलं,
साल्तोत दुसरं काय मिळतंय फुकट?

माझं काम संत्री निवडायचं.
डागाळलेलं डावीकडे, बारकं खालच्या पेटीत,
चांगलं पुढे, बोटीनं परदेशी.
आत्ताच सांगून ठेवते, यावरून उपमा काढू नका.
संत्रं ते संत्रं.
आणि हे ते नव्हतं.

गुरुवारी काहीच झालं नाही.
यानिनाचं गणित अडलं, थियागोला ताप आला आणि गेला.

विल्मार लाकडाच्या ट्रकवर, फ्राय बेंतोसच्या रस्त्याला.
फोनवर म्हणाला, तुझं तू ठरव.
हे तीन शब्द मी दोन दिवस तळहातावर घेऊन फिरले,
माया आहे की अंग काढून घेणं,
वजनावरून काही कळेना.

शनिवारी थोरली आली, झुल्मा,
काखेत थर्मास, हातात मातेचा भोपळा.
आम्ही नदीच्या पायऱ्यांवर बसलो, जिथून पलीकडे अर्जेंटिना दिसतं,
नेहमीसारखं, जवळ आणि दुसऱ्याचं.
तिनं भरून दिला, मी प्यायले, परत दिला.
तिनं भरला, ती प्यायली.
पंचवीस वर्षांपूर्वी हीच झुल्मा
एका परसदारच्या खोलीत गेली होती, एकटी,
आणि आईनं नंतर चादर जाळली, तोंडातून अक्षर न काढता.
तेव्हा कायदा नव्हता, दिवस नव्हते,
कसं वाटतंय विचारणारं तर कुणीच नव्हतं.
हे ती आज सांगत होती. मला. पहिल्यांदा.
पाण्याकडे बघत, चव कडू आहे की नाही
एवढंच सांगावं तशा आवाजात.

मग भरलेला भोपळा पुढे करून म्हणाली,
तुला नक्की...?

आमच्याकडे माते पिताना 'ग्रासियास' मधेच म्हणत नाहीत.
आभार मानले की अर्थ एकच: पोट भरलं, आता मला नको.
मी तो घोट संपवला, भोपळा तिच्या हाती दिला,
आणि म्हटलं, ग्रासियास.

तिनं थर्मासचं झाकण लावलं.
खूप वेळ फिरवत राहिली, घट्ट बसल्यावरही.

सोमवारी मी गेले. गोळ्या, पाण्याचा पेला, सही.
त्या दुखण्याचं मी इथे सांगणार नाही,
ते माझं आणि गरम पाण्याच्या पिशवीचं.
नंतर अकरा तास झोपले.
लग्नानंतर एवढी कधी झोपले नव्हते.
उठले तर घरभर उजेड, आणि मी उपाशी, आणि हलकी.

हलकी!
याची लाज वाटावी म्हणून मी वाट पाहिली.
आली नाही.

रडू आलं ते तीन आठवड्यांनी,
थियागोचे आखूड झालेले गमबूट
शेजारणीला द्यायला पिशवीत भरताना.
बुटात वाळू होती. वाळू झटकली आणि
तिथेच बसले, दारात, उंबऱ्यावर.

तपासणीला आरासेलीनं विचारलं, वाईट वाटतं?
वाटतं.
पश्चात्ताप?
नाही.
ती लिहिता लिहिता थांबली. मी म्हटलं,
दोन्ही रकान्यांत काहीतरी लिहावंच लागेल का तुम्हाला?
ती म्हणाली, नाही. रिकामा सोडता येतो.

पेन खिशाला लावायला तिनं मान खाली घातली
तेव्हा दिसलं, जागेवर फक्त धागा होता.
बटण पडलं तुमचं, मी म्हटलं.
कधीच, ती म्हणाली, आणि मला का कोण जाणे
हसू फुटलं. तिलाही.
मधल्या भिंतीमागे कुणीतरी नाव पुकारत होतं,
दुसऱ्या कुणाचं.